पुडी बेडजवळ उघडू नये

त्या सूचनेत दोन चुका होत्या आणि दोन्ही मी दुरुस्त केल्या, लाल पेनाने. हॉस्पिटलातल्या लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात शिरताना डाव्या हाताला बेसिन होतं. तिथे कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आत सोडत नसत. बेसिनच्या वर वहीचा एक कागद चिकटवलेला होता: ‘पावडरची पूडी बेडजवळ उगडू नये.’ मी ‘पू’ खोडून ‘पु’ केला, ‘ग’ खोडून त्याच्या डोक्यावर ‘घ’ लिहिला, पेन पर्समध्ये टाकलं, पुन्हा हात धुतले आणि लेकीपाशी जाऊन बसले. ती पुडी बेडजवळ का उघडायची नाही, हे मला विचारावंसंही वाटलं नाही.

यावर कुणी म्हणेल, अशा वेळी आईचं चित्त थाऱ्यावर नसतं. तसं काही नव्हतं. माझं चित्त अगदी थाऱ्यावर होतं, फक्त थारा चुकीचा होता.

मी मुद्रितं तपासते. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात गेली चौदा वर्षं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांची मार्गदर्शकं, दिवाळी अंक, जे येईल ते. पहिल्याच आठवड्यात तिथल्या जुन्या मुद्रितशोधकांनी मला धंद्याचं मर्म सांगितलं होतं. ‘बाई, मजकूर वाचायचा नाही. अक्षरं वाचायची. अर्थात शिरलात की चूक निसटली.’ मी ते इतकं मनावर घेतलं की आता एखादी निधनवार्ता वाचली तर आधी ‘दुःखद’चा विसर्ग दिसतो आणि मग माणूस गेल्याचं कळतं. घरी सगळे यावरून चिडवतात. नवऱ्याने लग्नाआधी पाठवलेल्या पहिल्या चिठ्ठीत मी तीन वेलांट्या बदलल्या होत्या, हे तो अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

ही खोड माझी एकटीची नाही, वडिलांकडून आली. ते सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले. एकदा त्यांनी वस्तीतल्या नळाबद्दल अर्ज लिहिला आणि त्यात ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ लिहिलं. हेडक्लार्कने तो अर्ज सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला, प्रत्येक ‘पानी’पाशी थांबून. नळ राहिला बाजूला, आठवडाभर कचेरीत वडिलांना ‘काय, पानी आलं का?’ म्हणून विचारत होते. ते हसणं नुसत्या एका अक्षराला नव्हतं, आम्ही कोण, कुठल्या वस्तीतले, त्यालाही होतं. वडिलांनी त्या महिन्यात शब्दकोश विकत घेतला. पुढे मला लिहिता यायला लागल्यावर रोज संध्याकाळी, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसवून, मला दहा ओळी शुद्धलेखन घालायचे. ‘आपल्याला कुणी हसायचं नाही,’ एवढंच म्हणायचे.

तर अशी मी, वारज्याच्या आमच्या फ्लॅटमधून उठून त्या हॉस्पिटलात येऊन पडले होते. लेक पाच वर्षांची. साधा सर्दीखोकला झाला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी तिची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. स्कूटरवर नवऱ्याच्या आणि माझ्या मध्ये बसवून तिला आणलं, कर्वेनगरच्या सिग्नलला तिची मान माझ्या दंडावर कलंडली. संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडात श्वासाची नळी होती, नाकातून पोटात दुधाची नळी होती आणि मानेतून थेट रक्तात जाणारी तिसरी नळी होती. न्यूमोनियाचं विष रक्तात भिनलंय, असं डॉक्टर म्हणाले. मला सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास तिच्याजवळ बसू देत. बाकीचा वेळ बाहेरच्या बाकड्यावर. तिथे आम्हाला कुणालाच नावं नव्हती. मी पाच नंबरची मम्मी. शेजारची सहा नंबरची मम्मी. सिस्टर दारातून हाक मारायच्या, ‘पाच नंबर मम्मी, डायपर संपले’, की मी धावायचे.

पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले. छाती थोडी सुधारत होती आणि पोट बिघडलं. दिवसाला दहा-बारा वेळा. ढुंगणाची कातडी सोलून लाल झाली, पोटात दूध ठरेना म्हणून दूध बंद केलं, दूध बंद म्हणून अंगात ताकद येईना, ताकद नाही म्हणून श्वासाची नळी निघेना. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तेव्हा विभागातल्या धाकट्या डॉक्टर, तिशीच्या असतील, मला समजावून सांगायला आल्या. इतकी कडक अँटिबायोटिक्स चालू आहेत की वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगले जंतूही मरतात. ते बाहेरून परत द्यायचे. पुडी येते, त्यात सुकवलेले जिवंत जंतू असतात, पाण्यात कालवून पोटाच्या नळीतून सोडायचे. ‘प्रोबायोटिक,’ त्या म्हणाल्या. ‘दही विरजतो ना आपण, तसंच समजा.’

‘याने जुलाब थांबतील?’

‘काही मुलांना फायदा होतो. खात्री नाही देता येणार. हे सपोर्टिव्ह आहे.’

सपोर्टिव्ह या शब्दाचा मी तिथे धसका घेतला. सपोर्टिव्ह म्हणजे दिलं तर कदाचित बरं, नाही दिलं तर कुणाचं अडत नाही. सपोर्टिव्ह म्हणजे फाइलीत सगळ्यात शेवटची ओळ. बाकड्यावर बसलेल्या आयासुद्धा सपोर्टिव्हच.

घरी सासूबाईंना हे सांगितलं ही माझी चूक. ‘दही? छाती भरलेल्या पोरीला दही?’ त्यांचा आवाज फोनमधून बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. ‘डॉक्टर आहेत की कोण आहेत? खोकल्यात ताकाचा थेंब देत नाही आपण!’ मी सांगितलं, आई, दही नाही, दह्यातल्यासारखे जंतू. ‘म्हणजे दह्याहून वाईट,’ त्या म्हणाल्या. ‘मुद्दाम जंतू घालतायत!’ मी फोन ठेवला. नवरा तोवर फोनमध्ये शोधत बसलेला. तासाभराने येऊन म्हणाला, ‘परदेशात देतात.’ आणखी तासाने म्हणाला, ‘परदेशात देत नाहीत.’ मी त्याला म्हटलं, तू आता परदेशातच जा.

बरं, डॉक्टरांचं तरी एकमत असावं? धाकट्या डॉक्टरांनी सकाळी लिहिलेलं मोठ्या डॉक्टरांनी दुपारी राउंडला काटून टाकलं. मोठे डॉक्टर पंचावन्नच्या पुढचे, कमी बोलणारे. ‘मानेत लाइन आहे, पोरगी इतकी आजारी आहे, जिवंत जंतू कशाला आणायचे खोलीत?’ एवढंच. धाकट्या म्हणाल्या, ‘सर, जुलाब थांबले नाहीत तर दूध सुरू करता येणार नाही.’ दोघांचंही बरोबर होतं. हेच मला सहन होत नव्हतं. छापखान्यात एक शब्द एकतर बरोबर असतो नाहीतर चूक, आणि वाद झालाच तर कोश काढून मिटतो. इथे माझी लेक मध्ये, आणि दोन शहाणी माणसं दोन्हीकडे, आणि कोश कुणाजवळच नाही. मी धाकट्या डॉक्टरांना एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्या चिडल्या नाहीत. ‘आम्हालाही तो कोश हवाय हो,’ म्हणाल्या.

ती सूचना मी दुरुस्त केली ती याच दिवसांत. राग मोठ्या डॉक्टरांवर निघेना, सासूबाईंवर निघेना, तो त्या कागदावर निघाला, असं आता वाटतं. परत बाहेर येताना बेसिनपाशी सकाळच्या पाळीच्या सिस्टर उभ्या होत्या. मुळशीकडच्या एका गावातल्या, रोज दोन बस बदलून यायच्या. अंगाने बारीक, हात मात्र असे की सुई टोचलेली पोरांना कळायची नाही. त्या माझ्या लाल खुणांकडे बघत होत्या.

‘मी लिवलंय ते,’ त्या म्हणाल्या.

‘चूक होती म्हणून केलं,’ मी म्हटलं. ‘घ हवा. उघडू.’

‘आमचं असंच हाय मम्मी,’ त्या हसून म्हणाल्या, पण कानापर्यंत लाल झाल्या होत्या. ‘बोलतो तसं लिवतो.’

मी ‘असू दे, असू दे’ म्हणाले, जसं काही मीच त्यांना माफ करत होते. त्या क्षणी मला वडिलांचा अर्ज आठवायला हवा होता. आठवला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायची मला इतकी सवय लागलेली की स्वतःच्या मुसळासकट मी रुबाबात बाकड्यावर जाऊन बसले.

नवव्या दिवशी श्वासाची नळी काढली. घसा सोललेला, आवाज घोगरा. डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘पानी.’ मी दुरुस्त केलं नाही. हुंदका आवरत नव्हता म्हणून सिस्टरांनी मला बाहेर नेलं.

आता फक्त ऑक्सिजनचा मास्क, आणि जुलाब. ते काही हटेनात. अखेर मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली: ‘द्या, पण जपून.’ धाकट्या डॉक्टरांनी पुन्हा लिहिलं. आणि मग सुरू झाली त्या पुडीची परवड. पहिल्या दिवशी हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात ती पुडीच नव्हती. बाहेरून आणा म्हणाले. नवरा तीन दुकानं फिरला. एकाने दिली ती दुसऱ्याच जंतूची निघाली, ‘सेमच आहे हो’ म्हणत दिलेली. बदलून आणेपर्यंत सकाळची पाळी संपली. दुपारच्या सिस्टर म्हणाल्या, फाइलीत वेळ लिहिलेली नाही, सकाळी विचारा. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, अँटिबायोटिक आणि ही पुडी एका वेळी द्यायची नाही, मध्ये काही तास हवेत, नाहीतर दिलेले जंतू लगेच मरतात. हे मला पटलं. पण मग ते तास भरले तेव्हा चार नंबरचं बाळ अत्यवस्थ झालं आणि सगळ्या सिस्टर तिकडे धावल्या. तेही मला पटलं. सगळंच पटत होतं आणि पुडी काही पोटात जात नव्हती. दोन दिवस ती लेकीच्या नावाने फ्रीजमध्ये पडून होती आणि लेक डायपरमध्ये रडत होती, आवाज न करता, कारण आवाज काढायला घसाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले तेव्हा त्याच मुळशीच्या सिस्टरांनी पुडी फ्रीजमधून काढून बेडच्या टेबलावर ठेवलेली होती. शेजारी पाण्याची छोटी वाटी. ‘आलेच हां मम्मी,’ म्हणून त्या सहा नंबरला सलाइन लावायला गेल्या. मी पाच मिनिटं थांबले. दहा मिनिटं थांबले. सहा नंबरच्या हाताला शीर सापडेना. मग माझं डोकं फिरलं. घरी रोज मी दही लावते, विरजण किती, दूध किती कोमट, करंगळीने कळतं मला, आणि ही एक पुडी पाण्यात कालवायला दोन दिवस? मी ती घेतली आणि तिथेच, लेकीच्या उशाशी, टर्रकन फाडली.

पावडर मैद्याहून बारीक. अर्धी वाटीत पडली, थोडी उडाली, थोडी माझ्या बोटांना लागली. मी बोटं साडीला पुसली. लेकीच्या मानेवर घामाने एक बट चिकटली होती, नळीच्या चिकटपट्टीखाली गेलेली, तिला टोचत असणार. ती मी हळूच सोडवून मागे घेतली. सिस्टर आल्या, कालवलेलं पाणी बघून क्षणभर थांबल्या, काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. त्यांनी ते पाणी सिरिंजमध्ये ओढून पोटाच्या नळीतून सोडलं. एकदाचं गेलं. मला काय समाधान झालं म्हणून सांगू! बाहेर येऊन मी नवऱ्याला म्हटलं, शेवटी आपल्यालाच हातपाय हलवावे लागतात.

दुसऱ्या दिवशी तिला साध्या वॉर्डात हलवायचं बोलणं चाललं होतं. सासूबाईंनी घरी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि खीर केली. आणि अकराच्या सुमाराला लेकीला थंडी वाजायला लागली. दात वाजत होते. ताप एकशे तीनच्या वर. पुन्हा मॉनिटरची पिपाणी, पुन्हा पडदा ओढला, मला बाहेर काढलं. पडद्याखालून मला फक्त पावलं दिसत होती. आनंदावर विरजण पडणं हा शब्दप्रयोग मी शेकडो मुद्रितांत तपासला असेल, वेलांटी बरोबर आहे ना एवढंच बघून पुढे गेले असेन.

तासाभराने मोठे डॉक्टर राउंडला आले आणि पडदा सरला. मला आत घेतलं. रक्त काढून कल्चरला पाठवलंय, म्हणाले. मी विचारलं, म्हणजे काय? धाकट्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त एका बाटलीत घालतात, बाटलीत जंतूंचं खाणं असतं, ती उबेला ठेवतात, आणि काही वाढतंय का ते बघतात. पहिला अंदाज दोन दिवसांनी, पक्का पाच दिवसांनी. म्हणजे विरजणच. लेकीच्या रक्ताचं विरजण लावलं होतं कुणीतरी, आणि ते लागू नये म्हणून आम्ही बसायचं होतं.

मोठे डॉक्टर फाइल चाळत होते. पुडीच्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं.

‘सिस्टर, ही पुडी कुठे उघडली?’

सिस्टरांनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

‘बेडजवळ उघडली का? तुम्हाला किती वेळा सांगितलंय? पावडर उडते, हाताला लागते, तोच हात लाइनला लागतो. पोटात चांगला असलेला जंतू रक्तात गेला तर तो चांगला राहत नाही. बाहेर तुम्हीच लिहून लावलंय ना? मग?’

सिस्टरांनी मान वर केली नाही. त्या खाली फरशीकडे बघत होत्या. फाडलेलं पाकीट त्यांनीच उचलून कचऱ्यात टाकलं होतं, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि मी? माझ्या डोळ्यांपुढे तो वहीचा कागद आला. पावडरची पुडी बेडजवळ उघडू नये. माझा लाल ‘घ’, ठसठशीत, शिरोरेषेसकट. रोज चार वेळा हात धुताना वाचलेला. मी त्यातलं अक्षर न् अक्षर तपासलं होतं आणि वाक्य एकदाही वाचलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर हात धुवून दाखवलं होतं.

मी किती वेळ गप्प राहिले ते नक्की सांगता येणार नाही. फार नाही. पण राहिले. तेवढ्यात मोठे डॉक्टर म्हणाले, ‘लेखी खुलासा द्या मॅट्रनकडे,’ आणि फाइल मिटायला लागले. मनात आलं, बोलले तर हे सगळे माझ्याकडे कसे बघतील? सासूबाई काय म्हणतील? हेही आलं की सिस्टरांना फार तर बोलणी बसतील. हे लिहितानाही शरम वाटते.

‘मी उघडली,’ मी म्हटलं. ‘सिस्टर नव्हत्या इथे. मी फाडली आणि तिच्या मानेवरचे केस बाजूला केले. याच हाताने.’

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मोठ्या डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली. ‘सांगितलंत ते बरं झालं,’ ते म्हणाले, कोरडेपणाने. ‘लॅबला कळवायला हवं. हा जंतू बाटलीत दिसला तर ते समजतात चुकून बाहेरून पडला आणि सोडून देतात. आणि चालू औषध त्याला लागू पडेलच असं नाही.’ मग त्यांनी धाकट्या डॉक्टरांकडे वळून मानेतली नळी काढायला सांगितली, एक औषध बदललं, पुडी बंद केली. धाकट्या डॉक्टरांचं तोंड उतरलं होतं. त्यांनी पुडी देण्यासाठी आठवडाभर भांडण केलं आणि ती मी अशी वाया घालवली.

सगळे गेल्यावर मी सिस्टरांना म्हटलं, ‘चुकलं माझं.’

त्या लेकीच्या कपाळावर ओली घडी ठेवत होत्या. ‘जरा आधी बोलायचं ना मम्मी,’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण ते ‘जरा आधी’ कशाला होतं, आज बोलण्याला की काल थांबण्याला, का त्याच्याही आधीच्या कशाला, ते मी विचारलं नाही.

पुढचे दोन दिवस मी बाकड्यावर कशी बसले ते माझं मला माहीत. घरी एकदा आंघोळीला गेले तर ओट्यावर सासूबाईंनी दही लावलेलं, पातेल्यावर ताटली, ताटलीवर फडकं. मी ताटली उचलून बघितली. घट्ट लागलेलं, कवडीदार. त्या कौतुकाने म्हणाल्या, ‘बघ, एका चमच्यात.’ एका चमच्यात. मी ताटली परत ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘तू मुद्दाम केलं नाहीस.’ मला तेही आवडलं नाही. मुद्दाम केलेली चूक मी चौदा वर्षांत एकही पाहिलेली नाही. सगळ्या निसटलेल्याच असतात.

दोन दिवसांनी लॅबचा निरोप आला. बाटलीत काही वाढलेलं नाही. पाचव्या दिवशी पक्कं कळलं, काहीच वाढलं नाही. ताप नळी काढल्यावर दुसऱ्याच दिवशी उतरला होता. मग ताप कशाचा होता? मी दोघांनाही विचारलं. मोठे डॉक्टर म्हणाले, नळीचा असेल, जुन्या इन्फेक्शनचा असेल. धाकट्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. आणि जुलाब? ते हळूहळू आपोआप कमी झाले. मी कालवलेल्या त्या एका पुडीने? तेही सांगता येणार नाही. म्हणजे जीव घेतला असता का ते कळलं नाही, गुण आला का तेही कळलं नाही. या एकाच बाबतीत मी खुणेचं पेन हातात धरून अजून तशीच बसलेली आहे.

लेकीला साध्या वॉर्डात हलवलं. ती मऊ भात खायला लागली, चिडचिड करायला लागली, हॉस्पिटलला ‘हॉप्सिटल’ म्हणायला लागली. एका दुपारी त्या सकाळच्या सिस्टर मला शोधत तिथे आल्या. हातात कोरा कागद आणि स्केचपेन. ‘मम्मी, तुमचं अक्षर चांगलं हाय. ती सूचना नीट लिवून द्या ना. सर म्हणले, प्लास्टिक मारून लावू.’

हे टोचायला म्हणाल्या का? नाही. त्या टोचणाऱ्यातल्या नव्हत्या, सुईतसुद्धा नाही. मी खरंच विचार करून लिहिलं. नुसतं ‘उघडू नये’ लिहिलं की कुणी तरी उघडतं, म्हणून कारणही लिहिलं. ‘पावडरची पुडी बेडजवळ उघडू नये. पावडर हाताला लागते. हात नळीला लागतो. नळी बाळाच्या रक्तात जाते.’ मोठी अक्षरं, दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडून, एकही जोडाक्षर तुटणार नाही असं. सिस्टरांनी ओठ हलवत वाचलं आणि ‘आता बरं झालं’ म्हणाल्या. मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगायचं ठरवलं होतं, अर्जाची. पण त्यांची पाळी संपत आली होती, बस चुकली असती.

घरी सोडलं त्या सकाळी मी त्यांना भेटायला वर अतिदक्षता विभागात गेले. त्या आत होत्या. बेसिनवर माझी सूचना लागलेली, चकचकीत. तिच्यापुढे एक बाई हात धूत उभी होती, नवी, कालच आलेली असावी, कुंकू विस्कटलेलं. कोपरापर्यंत साबण लावून ती मान वर करून ती सूचना वाचत होती. दोनदा वाचली तिने. मला बरं वाटलं.

‘वाचलंत ना?’ मी विचारलं.

‘हो ना,’ ती म्हणाली. ‘किती सुरेख अक्षर आहे हो.’

मी तिचे ते ओले हात धरले आणि तोंडाने सांगायला लागले.